हॅमिश मॅकबेथ: लॉखडूच्या कॉन्स्टेबलबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही मालिका नेमकी कसली आहे?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर लॉखडू नावाचं एक काल्पनिक खेडं. तिथे एक पोलीस चौकी, चौकीत एकच कॉन्स्टेबल, आणि त्याच्याजवळ एक पांढरं टेरियर कुत्रं. सगळा कारभार एवढाच. बीबीसी स्कॉटलंडची ही मालिका २६ मार्च १९९५ रोजी सुरू झाली आणि ४ मे १९९७ रोजी संपली. दाखवायचे रविवारी संध्याकाळी, म्हणजे सगळं घर टीव्हीपुढे बसलेलं असतं त्या वेळेला. तीन सीझन आणि सहा, सहा, आठ असे मिळून वीस भाग. एकेक भाग साधारण पन्नास मिनिटांचा. हॅमिशचं काम रॉबर्ट कार्लाइलने केलंय.

नावावरून वाटतं, शेक्सपिअरच्या 'मॅकबेथ'शी काही संबंध असेल?

काही नाही. मॅकबेथ हे स्कॉटलंडमधलं आडनाव आहे. हा मॅकबेथ तर उलटा: सत्ता आपणहून चालून आली तरी मागच्या दाराने सटकणारा.

हिला डिटेक्टिव्ह मालिका म्हणायचं का? मला खुनी कोण हे शोधायला आवडतं.

मग थोडी निराशा होईल, हे आधीच सांगितलेलं बरं. पहिल्या भागाच्या नावातच बघा, खून नाही, मिठाची चोरी आहे. गुन्हे होतात, माणसं मरतात, बाहेरून गुंडही येतात. पण शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात बसवून एकेकाकडे बोट दाखवणारा प्रसंग इथे शोधू नका.

गंमत दुसरीकडे आहे. कोणी काय केलं हे हॅमिशला बऱ्याचदा लवकर कळतं, कारण गावात कोणाच्या घरात काय शिजतंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. प्रश्न पुढचा असतो. आता या माहितीचं करायचं काय? गुन्हा नोंदवला तर कोणाचा संसार उघड्यावर येईल, नाही नोंदवला तर उद्या कोण सोकावेल, आणि ज्याला धडा शिकवायचाय त्याला कोर्टाची पायरी न दाखवता तो कसा शिकवायचा. शहरातला पोलीस गुन्हेगाराला पकडतो आणि विसरतो. हॅमिशला त्याच माणसाच्या दुकानातून उद्या सकाळी दूध आणायचं असतं.

त्यामुळे रहस्य आहे ते तपासाचं कमी आणि मिटवामिटवीचं जास्त. गावच्या राजकारणात वाढलेल्या मराठी प्रेक्षकाला हे पटकन उमगतं, असं माझं मत.

त्याला बढती का नको असते?

मालिकेचा सगळा डोलारा याच एका गोष्टीवर उभा आहे. हुशारी दिसली की वरिष्ठांची नजर जाणार, नजर गेली की बढती, बढती मिळाली की शहरात बदली. आणि बदली झाली की लॉखडू सुटलं. म्हणून हॅमिश गुन्हा उलगडतो आणि श्रेय दुसऱ्याच्या गळ्यात घालून मोकळा होतो. मालिका ज्या पुस्तकांवरून आली त्या मूळ पुस्तकांमध्ये तर हे त्याने अगदी कलेला नेऊन पोचवलंय. स्ट्रॅथबेन या (काल्पनिक) शहरातला ब्लेअर नावाचा उर्मट वरिष्ठ दर वेळी त्याला घालूनपाडून बोलतो, आणि हॅमिश दर वेळी उत्तर त्याच्याच ताटात वाढून बाजूला होतो. ब्लेअरला यश हवं, हॅमिशला शांतता हवी. दोघांचंही भागतं.

आपल्याकडे बदली टाळण्यासाठी लोक काय काय करतात ते आपण जाणतोच. काम चांगलं करूनही ते लपवण्याची पाळी मात्र फार कमी जणांवर येते.

एवढ्याशा गावाला स्वतंत्र पोलीस? खरंच असा असायचा?

हो. हायलँड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, वस्ती विरळ, अंतरं लांब आणि रस्ते अरुंद. एका कॉन्स्टेबलने आजूबाजूचा मोठा मुलूख सांभाळायचा, ही जुनी पद्धत. मालिकेच्या काळात हा भाग 'नॉर्दर्न कॉन्स्टॅब्युलरी' या दलाकडे होता, मुख्यालय इन्व्हर्नेसला. १ एप्रिल २०१३ पासून स्कॉटलंडमधली सगळी प्रादेशिक दलं एकत्र होऊन 'पोलीस स्कॉटलंड' झालं.

काही जण विचारतात, हा आपल्या पोलीस पाटलासारखा का? कामाचा पोत तसाच वाटतो: भांडणं मिटवणं, कोण नवं आलंय यावर लक्ष ठेवणं, वरच्यांना कळवणं. पण महाराष्ट्रातला पोलीस पाटील १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाखाली प्रांताधिकारी नेमतात. तो गावचाच रहिवासी असतो आणि मानधनावर काम करतो. हॅमिश पूर्ण वेळ पगारी पोलीस आहे, गणवेशातला, अटक करू शकणारा. बंदूक मात्र नाही. ब्रिटनमधला साधा कॉन्स्टेबल ती बाळगत नाही, त्यामुळे गुंडांशी गाठ पडली की त्याला डोकं चालवावं लागतं.

अजून एक फरक ध्यानात ठेवला तर काही भाग नीट कळतील. स्कॉटलंडचा फौजदारी कायदा इंग्लंडपेक्षा वेगळा आहे. खटला भरायचा की नाही हे पोलीस ठरवत नाहीत, 'प्रोक्युरेटर फिस्कल' हा सरकारी अधिकारी ठरवतो. आणि गुन्ह्याला पुष्टी देणारा दुसरा पुरावा लागतो, एकट्याच्या साक्षीवर भागत नाही. आता ज्या गावात कोणी कोणाविरुद्ध तोंडच उघडत नाही, तिथे हा दुसरा पुरावा आणायचा कुठून?

गावात कोण कोण आहे?

टीव्ही जॉन मॅकआयव्हर हा हॅमिशचा जवळचा माणूस. वयस्कर, तुटक बोलणारा, आणि पुढे घडणारं ज्याला आधी दिसतं असा. हे काम राल्फ रिआकने केलंय आणि माझ्या लेखी कार्लाइलनंतर मालिका पेलली ती त्यानेच. तोंडावरची सुरकुती न हलवता विनोद कसा करावा, हे त्याच्याकडून शिकावं.

रोरी कॅम्पबेल किराणा दुकानवाला. एस्मी मरे शाळेतली बाई. डॉक्टर ब्राउन. पबवाले बार्नी आणि ॲग्नेस मेल्ड्रम. लॅकी नावाचे बाप-लेक, ज्यांच्या डोक्यात सतत काहीतरी नवा धंदा शिजत असतो आणि तो बहुधा कायद्याच्या कुंपणावरच असतो. 'लॉखडू लिसनर' या स्थानिक वर्तमानपत्राची बातमीदार इझोबेल सदरलँड, जिचं हॅमिशवर मन आहे हे हॅमिश सोडून सगळ्या गावाला कळलेलं आहे. आणि अलेक्झांड्रा, लेखिका, बड्या घरची, जिच्यावर हॅमिशचं मन आहे.

इझोबेल कुठेतरी पाहिल्यासारखी वाटली असेल तर बरोबर आहे. ती शर्ली हेंडरसन, हॅरी पॉटरच्या चित्रपटांत मुलींच्या स्वच्छतागृहात रडत बसणारं भूत झालेली.

टीव्ही जॉनची ती दृष्टी म्हणजे भुताटकीचा प्रकार आहे का? मला तसलं आवडत नाही.

भुताटकी नाही. हायलँड्समध्ये काही माणसांना पुढचं दिसतं, हा समज शतकानुशतकं चालत आलाय. ब्राहनचा द्रष्टा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या माणसाच्या भाकितांच्या गोष्टी तिकडे आजही सांगतात. मालिका या दृष्टीला खरं-खोटं ठरवत बसत नाही. जॉनला काहीतरी दिसतं, तो एक वाक्य बोलतो, हॅमिश मान डोलावतो आणि गाडीला किल्ली मारतो. आपल्याकडे कोकणात कौल लावणारे आणि दुपारी कोर्टात वकिली करणारे एकाच घरात नांदतात, त्यामुळे आपल्याला यात वावगं वाटायचं कारण नाही.

मिडसमर मर्डर्स आवडते. ही तशीच आहे का?

खेडं सोडलं तर फारसं साम्य नाही. योगायोग मात्र बघण्यासारखा आहे. हॅमिशचा शेवटचा सीझन बीबीसीवर चालू असताना, २३ मार्च १९९७ च्या रविवारी आयटीव्हीवर मिडसमरचा पहिला भाग आला. एक गाव आवराआवर करत होतं आणि दुसऱ्या गावात मुडदे पडायला सुरुवात झाली होती. पडताहेत अजून.

मिडसमरमधली खेडी इंग्लंडच्या सुखवस्तू भागातली आहेत. कापलेली हिरवळ, फुलांच्या स्पर्धा, चर्चची घंटा, आणि त्यामागे जुनी वैरं. तिथला तपास अधिकारी बार्नबी बाहेरून येतो, चौकशी करतो, घरी जातो. लॉखडू गरीब आहे. मासेमारी, मेंढ्या, थोडे पर्यटक आणि तरुण पोरं शहराकडे निघालेली. तपास करणारा तिथेच राहतो. मिडसमरमध्ये खून हे करमणुकीचं साधन आहे आणि त्यात ती मालिका पटाईत आहे. लॉखडूत कोणी मेलं की तिरडीला खांदा देणारे ओळखीचे असतात.

पुस्तकं आधी वाचू की मालिका आधी बघू?

कुठूनही सुरू करा, दोन्हींचा एकमेकांशी संबंध बेताचाच आहे.

लेखिका एम. सी. बीटन, खरं नाव मेरियन चेस्नी. जन्म ग्लासगोचा, १९३६ चा. काही काळ गुन्हेगारी बातम्या देणारी पत्रकार होती, नंतर ऐतिहासिक प्रेमकथांचा रतीब घातला. सदरलँड भागात सॅल्मन पकडायला शिकवणाऱ्या एका वर्गाला ती गेली असताना तिला रहस्यकथा सुचली. पहिलं पुस्तक 'डेथ ऑफ अ गॉसिप' १९८५ चं, आणि त्यातली माणसं नेमकी अशाच मासेमारीच्या वर्गाला जमलेली आहेत. मरते ती कुटाळक्या लिहिणारी सदरलेखिका. पुढे तीसहून अधिक पुस्तकं आली. बीटन डिसेंबर २०१९ मध्ये वारली.

पुस्तकातला हॅमिश उंच, सडपातळ, लाल केसांचा. चौकीच्या मागे कोंबड्या पाळणारा, फुकटात जेवण मिळालं तर नाही न म्हणणारा, आणि भावंडांसाठी घरी पैसे पाठवणारा. तिथे दर पुस्तकात एक तरी खून आहे आणि तपासही बऱ्यापैकी शिस्तीत होतो. कार्लाइल बुटका, काळसर केसांचा, अधूनमधून गांजा ओढणारा आणि मनात बरंच काही दडवून ठेवणारा. पुस्तकात हॅमिशचं जिच्यावर मन आहे ती प्रिसिला मालिकेत नाहीच. टीव्ही जॉन पुस्तकात नाही. मालिकेचं हे रूप डॅनियल बॉईल या लेखकाचं.

बीटनला हे रूपांतर आवडलं नव्हतं आणि तिने ते लपवलंही नाही. तिची बाजू समजते: स्वतःचा माणूस दुसऱ्याने नाव तेवढं ठेवून बदलून टाकला. तरी खरं सांगायचं तर मालिका पुस्तकांपेक्षा सरस आहे. पुस्तकं प्रवासात वाचायला झकास, पण लॉखडूला वजन आलं ते पडद्यावर.

डॅनियल बॉईल म्हणजे 'स्लमडॉग'वाला डॅनी बॉईल का?

नाही, नाही, नाही. हा दुसरा. घोटाळा होण्याचं कारण असं की त्या दुसऱ्या बॉईलच्या 'ट्रेनस्पॉटिंग'मध्ये (१९९६) कार्लाइल आणि शर्ली हेंडरसन दोघंही आहेत. दर रविवारी लॉखडूत सौम्यपणे गावाची समजूत काढणारा माणूस त्या सिनेमात पबमध्ये लोकांची डोकी फोडत होता. लागोपाठ बघा, तोच नट आहे यावर विश्वास बसणार नाही.

हॅमिश पोलीस असून चोरून पकडलेले मासे खातो. हे पटत नाही.

बऱ्याच जणांना खटकतं, म्हणून जरा सविस्तर.

स्कॉटलंडमध्ये सॅल्मन पकडण्याचा हक्क ही खासगी मालमत्ता असते. नदी तुमच्या दारावरून वाहत असली तरी त्यातला सॅल्मन तुमचा नाही. हक्क ज्याच्या नावावर त्याची परवानगी हवी, अगदी किनाऱ्याजवळच्या समुद्रातसुद्धा. रविवारी तर परवानगी असली तरी सॅल्मनला गळ टाकता येत नाही. आता हा हक्क बहुतेक ठिकाणी बड्या जमीनदारांकडे आणि लांबून येणाऱ्या श्रीमंतांकडे. याच हायलँड्समधून अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनमालकांनी मेंढ्यांच्या कुरणांसाठी हजारो कुळांना घराबाहेर काढलं. ती आठवण पुसलेली नाही. त्यामुळे वाड्यावरच्या साहेबाच्या नदीतून एक मासा काढला तर गावाच्या लेखी ती चोरी होत नाही. कायद्याच्या लेखी होते.

हॅमिश या दोन्हींच्या मधे उभा आहे. एका माशासाठी गावकऱ्याला बेड्या घातल्या तर उद्या खरा गुन्हा घडल्यावर त्याच्याशी कोण बोलणार? तोच कोणी जाळी लावून नदी उपसायला लागला आणि माल शहरात विकू लागला, तर हॅमिशचा चेहरा बदलतो. रेघ कुठे ओढायची हे त्याने स्वतःपुरतं ठरवलेलं आहे. हे धोकादायक आहे, हे मान्य. असा अधिकार चुकीच्या माणसाच्या हातात गेला तर काय होतं ते आपण आपल्या गावांत पाहिलंय. मालिकेला त्याची जाणीव आहे, पण ती हॅमिशवर जरा जास्तच विश्वास टाकते, ही माझी तक्रार.

कुत्र्याला काही होतं का? आधीच सांगा.

(ज्यांना आधी कळायला नको त्यांनी पुढच्या प्रश्नावर जावं.)

होतं. वी जॉक पहिल्याच सीझनमध्ये मरतो. त्या भागाच्या नावातच त्याचा शोक आहे, त्यामुळे दगाफटका नाही. पुढे त्याच जातीचं दुसरं कुत्रं येतं आणि नावही तेच राहतं. कुत्र्याच्या बाबतीत हळवे असाल तर तो भाग एकट्याने बघू नका, पण वगळूही नका. शांत, हसरा हॅमिश खरोखर चिडला की काय होतो हे त्यात पहिल्यांदा दिसतं.

लहान मुलांबरोबर बघता येईल?

बारा-तेराच्या पुढे हरकत नाही. मारामारी आहे, घरगुती हिंसेचे विषय आहेत, गांजा आहे. दुसऱ्या सीझनमधला एक मृत्यू मोठ्यांनाही जड जातो.

बोली समजेल का?

सुरुवातीला त्रेधा उडेल. इंग्रजीच आहे, पण स्कॉटिश वळणाची, आणि मधूनच एखादा गेलिक शब्द. इंग्रजी उपशीर्षकं लावा, दोनेक भागांत कान सरावतो. गावाचं नाव मात्र आपल्याला इंग्रजांपेक्षा सोपं: त्यांना तो घशातला 'ख' जमत नाही. इंग्रजीत ते Lochdubh असं लिहितात, पण 'डू'नंतरची अक्षरं मुकी आहेत.

शेवटच्या दोन भागांतल्या त्या दगडाचं काय प्रकरण आहे?

शेवटचे दोन भाग मिळून एकच कथा आहे आणि ती 'नियतीच्या दगडा'भोवती फिरते. पार्श्वभूमी माहीत नसेल तर एवढी धावपळ कशासाठी हेच कळत नाही.

स्कॉटलंडच्या राजांचा राज्याभिषेक या दगडावर व्हायचा. वालुकाश्माचा साधा ठोकळा, वजन सुमारे १५२ किलो. १२९६ मध्ये इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड तो उचलून लंडनला घेऊन गेला आणि वेस्टमिन्स्टर ॲबीत सिंहासनाखाली बसवला. साडेसहाशे वर्षं तो तिथेच. मग १९५० च्या नाताळात ग्लासगोच्या चार विद्यार्थ्यांनी ॲबीत शिरून तो पळवला. ओढताना दगडाचे दोन तुकडे झाले. पोलीस देशभर शोधत राहिले. एप्रिल १९५१ मध्ये तो आरब्रोथच्या पडक्या मठात ठेवलेला सापडला आणि परत लंडनला गेला. विद्यार्थ्यांवर खटला भरलाच नाही, सरकारला त्यांना हुतात्मे करायचं नव्हतं.

तेव्हापासून एक वदंता चालत आलीये की परत दिला तो नकली, खरा कुठेतरी दडवलाय. नोव्हेंबर १९९६ मध्ये दगड समारंभपूर्वक स्कॉटलंडला परत आला आणि मालिकेचा शेवट दाखवला गेला तो मे १९९७ मध्ये, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी तोच विषय असताना. ज्या मालिकेची सुरुवात मिठाच्या चोरीच्या नावाने झाली ती देशाच्या सर्वांत प्रसिद्ध चोरीपाशी येऊन थांबते. बघणाऱ्यांत इथे दोन तट पडतात. काहींना हा शेवट भव्य वाटतो, काहींना गावाच्या अंगापेक्षा मोठा. मी दुसऱ्या तटातला, पण टीव्ही जॉनचे प्रसंग बघताना तट विसरायला होतं. आज खरा दगड (किंवा वदंता मानणाऱ्यांसाठी तो दुसरा) पर्थच्या संग्रहालयात आहे.

पुढचे सीझन का नाहीत?

मालिका मे महिन्यात संपली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये 'द फुल मॉन्टी' ब्रिटनमध्ये लागला. कार्लाइलला त्यासाठी बाफ्टा मिळालं आणि १९९९ मध्ये तो बाँडपटातला खलनायक होता. दुसरा हॅमिश आणून पुढे रेटलं नाही, हे बरंच झालं. संगीतकार जॉन लन पुढे 'डाउनटन ॲबी'मुळे घराघरात पोचला.

लॉखडू खरं कुठे आहे? जाता येतं का?

पडद्यावरचं लॉखडू म्हणजे हायलँड्समधलं प्लॉकटन. पुस्तकातलं लॉखडू बरंच उत्तरेला, सदरलँडमध्ये मानलंय, त्यामुळे पुस्तक घेऊन प्लॉकटनमध्ये खुणा शोधू नका.

गाव एका खाडीच्या कुशीत आहे. बंदराकाठी एक रस्ता, त्याच्या एका अंगाला पांढऱ्या भिंतींची बसकी घरं, आणि त्या घरांच्या बागा रस्त्याच्या पलीकडे, थेट पाण्याला लागून. त्या बागांमध्ये चक्क ताडामाडासारखी झाडं. स्कॉटलंडमध्ये माड कसा, हा प्रश्न पडतोच. तो खरा माड नव्हे, न्यूझीलंडकडचं कॉर्डिलाइन. गावाचं तोंड पूर्वेला असल्याने पश्चिमेचा वारा अडतो, अटलांटिकचा उबदार प्रवाह कडाका कमी करतो, म्हणून तग धरतं. ओहोटीला समोरच्या छोट्या बेटापर्यंत चालत जाता येतं, पण भरतीची वेळ आधी विचारून घ्या. लांब केसांच्या हायलँड गाई रस्त्यावर आल्या तर गाडीवाल्यांनी थांबायचं, हॉर्न वाजवायचा नाही.

पोचायला सोपा मार्ग रेल्वेचा. इन्व्हर्नेसहून काइल ऑफ लोखाल्शला जाणाऱ्या गाडीने प्लॉकटनलाच उतरता येतं, सुमारे अडीच तास लागतात. गाड्या दिवसाला मोजक्याच, परतीची वेळ आधीच बघून ठेवा. काइलहून स्काय बेटाकडे जाणारा पूल आहे. तो ऑक्टोबर १९९५ मध्ये, मालिका चालू असतानाच, सुरू झाला आणि त्यावरच्या टोलविरुद्ध स्थानिकांनी २००४ पर्यंत भांडून टोल रद्द करून घेतला. हॅमिशने त्यात कोणाची बाजू घेतली असती, यावर चाहत्यांचे वाद अजून चालतात.

उन्हाळ्यात, विशेषतः शिडाच्या होड्यांच्या शर्यती असतात तेव्हा, राहायची जागा मिळणं मुश्कील. घरांच्या खिडक्यांतून डोकावून 'चौकी कुठली' असं विचारत फिरू नका. ती लोकांची राहती घरं आहेत.